एआयच्या धोरणाला पहिला प्रश्न : चूक किती, आणि ती मोजली कुणी?



‘एआय आणि सार्वजनिक धोरण’ या विषयावर पीएचडी करायची इच्छा असलेली बरीच ज्युनिअर मंडळी हल्ली आपले आराखडे वाचायला देतात. त्यातले बहुतेक एकाच साच्यातले असतात. पहिल्या पानावर पारदर्शकता, उत्तरदायित्व, नैतिकता हे तीन शब्द. दुसऱ्या पानावर युरोपचा कायदा. तिसऱ्या पानावर ‘भारतातही असा कायदा हवा’ हा निष्कर्ष, तोही संशोधन सुरू व्हायच्या आधीच! यात चुकीचं काही लिहिलेलं नसतं, पण तपासता येईल असंही काही नसतं. आणि जे तपासता येत नाही त्यावर थीसिस होत नाही.

म्हणून आज एक धोरण एका आकड्याला लावून वाचू. आकडा आपल्या महाराष्ट्रातला आहे : पीक विम्यात एखाद्या महसूल मंडळाचं सोयाबीनचं उत्पादन किती धरायचं, हा. माझा स्वतःचा अभ्यास उपग्रह प्रतिमांचा आहे, कायद्याचा नाही. त्यामुळे ही टीका विज्ञानाच्या बाजूने येणार, हे आधीच सांगते. माझं म्हणणं एवढंच आहे की आपली एआयविषयक धोरणं दिसणाऱ्या चुकांचा विचार करतात. न दिसणारी चूक आधी मोजावी लागते आणि मग छापावी लागते, आणि ही कामं कुणाची, हे ती बंधनकारक करून सांगत नाहीत.

आधी कागद वाचू

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘इंडिया एआय गव्हर्नन्स गाइडलाइन्स’ प्रसिद्ध केल्या. मसुदा समितीचे अध्यक्ष होते आयआयटी मद्रासचे प्रा. बलरामन रवींद्रन. या दस्तऐवजात सात सूत्रं आहेत : विश्वास हा पाया, माणूस आधी, अडवण्यापेक्षा नवनिर्मितीला झुकतं माप, न्याय्यता, उत्तरदायित्व, समजेल अशी रचना, आणि सुरक्षितता व शाश्वतता. ही सूत्रं रिझर्व्ह बँकेच्या समितीकडून घेतलेली आहेत. त्या समितीचे अध्यक्ष आपल्या पवईच्या आयआयटीतले प्रा. पुष्पक भट्टाचार्य, आणि अहवाल ऑगस्ट २०२५चा. बँकांसाठी लिहिलेली सूत्रं सगळ्या क्षेत्रांना लावली गेली, एवढं लक्षात ठेवा.

मार्गदर्शक तत्त्वांचा सूर असा : सध्या एआयसाठी वेगळा कायदा नको, आहेत ते कायदे वापरू, कंपन्यांनी स्वेच्छेने जबाबदारी घ्यावी, आणि एआयमुळे घडलेल्या अपायांची राष्ट्रीय नोंद ठेवावी. यातलं पहिलं मला पटतं. घाईत केलेल्या नियमाचं काय होतं ते आपण पाहिलंय. १ मार्च २०२४ला याच मंत्रालयाने एक सूचनापत्र काढलं. पुरेशी चाचणी न झालेली मॉडेल लोकांसमोर आणण्याआधी सरकारची परवानगी घ्या, असं त्यात होतं. ओरड झाली आणि १५ मार्चला नवं सूचनापत्र आलं, त्यात परवानगीची अट नव्हती. दोन आठवड्यांत विषय संपला!

दुसरा कागद राज्याचा. १७ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५–२०२९’ मंजूर केलं. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये, नवोपक्रम केंद्र, शेतीचा डेटा एकत्र आणणारी व्यवस्था, प्रयोगांसाठी सँडबॉक्स, स्टार्टअपना आधार. मुख्यतः हे प्रोत्साहनाचं धोरण आहे. प्रोत्साहन वाईट नाही. पण जो विभाग तंत्रज्ञान वाढवायला पैसे देतो, त्याच विभागाने त्या तंत्रज्ञानाच्या चुका शोधून जाहीर कराव्यात, ही अपेक्षा मानवी स्वभावाला धरून नाही. हा मुद्दा बाजूला ठेवा, पुढे लागेल.

आता आकडा

पीक विमा वैयक्तिक शेतातल्या नुकसानीवर चालतो, असा शहरातल्या वाचकांचा समज असतो. मुळात तसं नाही. उत्पादनावर आधारित भरपाईत एकक असतं ते अधिसूचित क्षेत्र, म्हणजे आपल्याकडे मुख्य पिकांसाठी बहुधा महसूल मंडळ. आधी ‘उंबरठा उत्पादन’ काढतात : मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी, गुणिले जोखीमस्तर. महाराष्ट्रात जोखीमस्तर ७० टक्के आहे. मग यंदाचं उत्पादन उंबरठ्यापेक्षा जितके टक्के कमी, विमा संरक्षित रकमेच्या तितके टक्के भरपाई. मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना एकच टक्का लागू.

यंदाचं उत्पादन कसं ठरायचं? पारंपरिक उत्तर : पीक कापणी प्रयोग. यादृच्छिक निवडलेल्या शेतात ठराविक मापाचा चौकोन आखायचा, पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. २०२३च्या खरिपापासून यात एक भागीदार आला. केंद्राने ‘येस-टेक’ नावाची, उपग्रह आणि इतर तंत्रज्ञानावरून उत्पादन काढण्याची पद्धत आणली आणि त्याची पुस्तिका जुलै २०२३मध्ये प्रसिद्ध केली. महाराष्ट्राच्या त्या वर्षीच्या योजनेत, एक रुपयात विमा देणाऱ्या त्याच योजनेत, भात, सोयाबीन, कापूस यांसारख्या पिकांसाठी तंत्रज्ञानाने काढलेल्या उत्पादनाला ३० टक्के आणि कापणी प्रयोगाला ७० टक्के भारांकन ठरलं.

थोडक्यात, ‘एआय येणार का’ यावर आपण परिसंवाद घेत होतो तेव्हा मॉडेलला भरपाईत ३० टक्के मत मिळालेलंही होतं.

वही काढा. पुढचे आकडे काल्पनिक आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

एका मंडळाचं उंबरठा उत्पादन हेक्टरी १,००० किलो. विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये. कापणी प्रयोगाने उत्पादन आलं ६०० किलो. नुसत्या प्रयोगावर गेलो तर तूट ४० टक्के, भरपाई २०,००० रुपये. आता मॉडेल म्हणालं, उत्पादन ९०० किलो. एकत्रित आकडा : ६००चे ७० टक्के म्हणजे ४२०, अधिक ९००चे ३० टक्के म्हणजे २७०, एकूण ६९०. तूट ३१ टक्क्यांवर आली, भरपाई १५,५००. हेक्टरी ४,५०० रुपयांचा फरक. मंडळात हजारो हेक्टर विमाधारक क्षेत्र असतं, पुढचा गुणाकार तुम्ही करा.

उलटंही होऊ शकतं. मॉडेल ४५० म्हणालं तर एकत्रित उत्पादन ५५५, तूट ४४.५ टक्के, भरपाई २२,२५०. मग मॉडेल कधी शेतकऱ्याच्या बाजूने चुकेल, कधी विरुद्ध, शेवटी बरोबरी होईल, असं म्हणायचं का?

नाही. आणि इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तोंड उघडायला हवं.

वाईट वर्षातच मॉडेल गोड का बोलतं

आकडेवारीवरून शिकणारं बहुतेक मॉडेल एकूण चूक कमीत कमी ठेवायला शिकतं. त्याचा एक ठरलेला परिणाम असतो : अंदाज सरासरीकडे ओढले जातात. फार चांगल्या वर्षाचा अंदाज थोडा कमी येतो, फार वाईट वर्षाचा थोडा जास्त. ही कुणाची लबाडी नाही. अपुऱ्या माहितीवर वर्गचूक कमी करायला गेलात की असंच होतं. रिग्रेशनचा पहिला धडा नीट केलेल्या कुणालाही हे माहीत असतं.

पण विमा वाईट वर्षासाठीच असतो ना! चांगल्या वर्षात मॉडेलने उत्पादन कमी दाखवलं आणि ते उंबरठ्याच्या वरच राहिलं, तर कुणाला रुपयाचाही फायदा नाही. वाईट वर्षात जास्त दाखवलं तर प्रत्येक किलो भरपाईतून वजा होतो. म्हणजे सरासरीने शून्य असलेली चूकही पैशात उतरताना एकाच बाजूला झुकते. म्हणून ‘मॉडेलची अचूकता ९० टक्के’ असं वाक्य कुठे दिसलं तर विचारा : कुठल्या वर्षांत? दुष्काळी हंगाम वेगळा काढून चूक किती?

दुसरी अडचण पिकाची. येस-टेकसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या मॉडेलमध्ये पिकाने किती सूर्यप्रकाश शोषला, त्यातून किती जीवभार तयार झाला आणि त्यात दाण्याचा वाटा किती, असा हिशेब असतो. उपग्रहाला हिरवेपणा दिसतो. शेंगेत दाणा भरला की नाही, हे दिसत नाही. ऑगस्टमध्ये पाण्याची ओढ बसून फुलं गळाली आणि नंतर पाऊस होऊन पीक पुन्हा हिरवं झालं, तर वरून ते छानच दिसणार. कापून ठेवलेलं सोयाबीन परतीच्या पावसात भिजलं, तर तेही वरून कळणं अवघड. त्यात खरिपात ढग. ढगातून पाहायला रडार प्रतिमा असतात, पण त्यांना पिकाची रचना आणि ओलावा कळतो, दाण्याचं वजन नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तंत्रज्ञान का आणलं? कापणी प्रयोगांवर विश्वास उरला नव्हता. प्रयोग उशिरा होतात, काही कागदावरच होतात, त्यावर दबाव येतात, विमा कंपन्या आक्षेप घेतात. या तक्रारी खोट्या नाहीत आणि पर्याय शोधणं योग्यच होतं. पण मॉडेलला शिकवायला आणि तपासायला आकडे कुठले लागतात? कापणी प्रयोगांचेच. ज्या साक्षीदारावर आपला विश्वास नाही, त्याच्याच शिष्याला साक्षीला बोलावण्यासारखं हे आहे.

हा वाद आपल्याकडे आधी झालेला आहे

तुमच्यापैकी कृषी शाखेच्या मंडळींनी पानसे–सुखात्मे यांचं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ पाहिलं असेल. त्यातले पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले. १९४०च्या दशकात भारतात पिकाचं उत्पादन नमुना पद्धतीने कसं मोजावं यावर त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जोरदार वाद झाला. महालनोबिस लहान आकाराचे तुकडे कापण्याच्या बाजूचे : कमी खर्चात जास्त ठिकाणी जाता येतं. सुखात्म्यांचा आक्षेप असा की तुकडा लहान असला की कडेवरची रोपं आत ओढून घेण्याकडे कल होतो, आणि उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं.

नीट पाहा. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा हा वादही नेमका त्याच गोष्टीवर होता : मोजण्याची पद्धत पद्धतशीरपणे आकडा फुगवते का? फरक असा की तो वाद उघड झाला. दोन्ही बाजूंनी आकडे छापले, शेतात जाऊन वेगवेगळ्या मापाचे तुकडे कापून पाहिले, नियतकालिकांत एकमेकांना उत्तरं दिली. आज कापणी प्रयोगाचा चौकोन केवढा असावा हे ठरलेलं आहे, त्याच्यामागे ही भांडणं आहेत.

आज पिकांचे अंदाज काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं नाव ‘महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र’ आहे. ती २०१२ साली स्थापन झाली. नाव उत्तम आहे. महालनोबिसांच्या समोर एक सुखात्मे उभे होते, तशी जागा धोरणाने ठेवली पाहिजे. एआयचं नियमन म्हणजे काय, असं मला कुणी एका वाक्यात विचारलं तर मी म्हणेन : आक्षेप घेणाऱ्याला आकडे मिळतील अशी व्यवस्था.

मग कुठला कायदा लागू पडतो?

आराखड्यांतली नेहमीची उत्तरं एकेक करून तपासू.

पहिलं उत्तर, डेटा संरक्षण. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम वैयक्तिक डेटापुरता आहे. महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन हा कुणाचाच वैयक्तिक डेटा नाही. चूक मंडळाबद्दल होते, झळ माणसाला बसते. हा कायदा या दोहोंच्या मधून निघून जातो.

दुसरं उत्तर, युरोपसारखा कायदा. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. त्यात अतिजोखमीच्या वापरांची यादी आहे. विम्याबाबत यादीत काय आहे? व्यक्तींच्या जीवन आणि आरोग्य विम्यातलं जोखीम-मूल्यांकन आणि हप्ता. शेतीचा विमा नाही. सरकारी मदतीला कोण पात्र, हे ठरवणाऱ्या प्रणाली यादीत आहेत, पण आपलं मॉडेल पात्रता ठरवतच नाही, ते उत्पादन ठरवतं. म्हणजे कायदा जसाच्या तसा उचलला तरी आपलं सोयाबीन बहुधा जाळीतून निसटेल. युरोपने यादी त्यांच्या समाजाकडे बघून केली, आपण आपल्याकडे बघून करायला हवी.

तिसरं उत्तर, एआयची व्याख्या करून नियम. आता वर सांगितलेलं सूर्यप्रकाशाच्या हिशेबाचं मॉडेल आठवा. ते एआय आहे का? त्यात समीकरणं आहेत, बहुतेक हाताने लिहिलेली. कंपनी सहज म्हणेल, ‘आमचं एआय नाहीच, हे भौतिकशास्त्र आहे.’ आणि ते खरंही असेल! शेतकऱ्याचे ४,५०० रुपये मात्र दोन्हीकडे सारखेच गेले. म्हणून नियम तंत्राला लावण्यापेक्षा वापराला लावावा : सार्वजनिक पैशाच्या निर्णयात गणिती अंदाज वापरला, की ही बंधनं.

चौथं उत्तर, अपायांची नोंद. मार्गदर्शक तत्त्वांतली ही चांगली सूचना आहे, पण तिची मर्यादा समजून घ्या. गायक अरिजीत सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल होत होती. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२४मध्ये त्यांना अंतरिम दिलासा मिळाला. २०२५मध्ये आशा भोसले यांच्या बाबतीतही याच न्यायालयाने असाच आदेश दिला. हे शक्य झालं, कारण अपाय कानांना ऐकू येतो. आपला आवाज आपण न गायलेल्या गाण्यात ऐकू आला, की नोंद करायला कारण मिळतं. भरपाई ४० ऐवजी ३१ टक्के आली, हे शेतकऱ्याला कसं कळणार? त्याला दिसते ती खात्यात जमा झालेली रक्कम. पीक विम्याच्या तक्रारीसाठी १४४४७ ही हेल्पलाइन आहे, तक्रार निवारण समित्या आहेत. तक्रारीची सोय आहे हो, पण तक्रारीत लिहायचं काय? नोंदवही उघडी असून उपयोग नाही, अपाय झालेल्याला आधी तो झाल्याचं कळावं लागतं.

वजनकाट्याकडून शिकण्यासारखं

आमच्या कळंबोलीत स्टील मार्केट आहे. लोखंडाने भरलेले ट्रक दिवसरात्र ये-जा करतात आणि सगळा व्यवहार वजनकाट्याच्या पावतीवर चालतो. काटा टनामागे थोडा जरी चुकला तरी कुणाचं तरी बरंच नुकसान होतं. या प्रश्नासाठी कुणी ‘काट्यांची नैतिक सूत्रं’ लिहिलेली नाहीत. २००९चा वैध मापन अधिनियम आहे. त्यानुसार काट्याची ठराविक काळाने पडताळणी होते, त्यावर मोहोर लागते आणि प्रमाणपत्र मिळतं.

या व्यवस्थेत चार गोष्टी आहेत. पहिली : कायदा शून्य चूक मागत नाही, चुकीची कमाल मर्यादा ठरवून देतो. दुसरी : पडताळणी काटामालक करत नाही, वैध मापन शास्त्र यंत्रणेचा निरीक्षक करतो. तिसरी : पडताळणीला मुदत असते, एकदा पास झालेला काटा कायमचा पास नसतो. चौथी : तपासायला काट्याच्या आतलं सर्किट उघडावं लागत नाही. माहीत असलेलं वजन ठेवायचं आणि काटा काय दाखवतो ते बघायचं.

चौथ्या मुद्द्यावर थांबा, कारण नेहमीचा आक्षेप तिथेच येतो. कंपन्या म्हणतात, मॉडेल हे व्यापारी गुपित आहे, ते उघड करता येणार नाही. नको करू! कोड कुणी मागितला? माहीत असलेल्या वजनांवर चाचणी द्या. काही मंडळांतल्या विशेष काळजीने, त्रयस्थ देखरेखीखाली केलेल्या कापणी प्रयोगांचे आकडे मॉडेलपासून लपवून ठेवायचे, मॉडेलने अंदाज द्यायचा, मग दोन्ही छापायचे. वाईट हंगाम वेगळे, चांगले वेगळे. माहिती अधिकारात व्यापारी गुपिताला संरक्षण आहे, पण त्याच कायद्याच्या कलम ४मध्ये प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना देण्याचं कर्तव्यही आहे. भरपाईचा टक्का हा असाच निर्णय आहे, असं माझं मत. वकील मंडळींनी वाद घालावा.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे, तो मी टाळणार नाही. काट्यावर ठेवायचं वजन आपल्याला खात्रीने माहीत असतं, शेतीत तसं ‘खरं वजन’ कुठे आहे? कापणी प्रयोगालाही चूक असतेच. कबूल. म्हणूनच दोन्हींच्या चुका शेजारी शेजारी छापायला हव्यात, आणि भारांकनाचं प्रमाण त्या चुकांवरून निघायला हवं. ज्याची चूक कमी त्याला भार जास्त, हे संख्याशास्त्रातलं जुनं सूत्र आहे. भारांकन हा मुळात तांत्रिक प्रश्न आहे, पण शासन निर्णयात तो नुसत्या आकड्यासारखा येतो. २०२३मध्ये ३०च का? २० का नाही, ५० का नाही? माझ्या मते धोरणाच्या टीकेचा खरा प्रश्न हा आहे.

आणि हा प्रश्न आता अधिक निकडीचा झालाय. २०२५च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची योजना बंद केली. स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान अशा कारणांची वेगळी भरपाईही गेली आणि भिस्त आली ती मंडळाच्या उत्पादनाच्या आकड्यावर. आधी एक दार चुकलं तर दुसरं होतं. आता दार एकच, म्हणून त्याची कडी नीट बसते का, हे बघायलाच हवं.

धोरणात काय लिहायला हवं होतं, ते मी चार ओळींत सांगते. प्रत्येक मंडळासाठी तीन आकडे जाहीर करा : प्रयोगाचा, मॉडेलचा, एकत्रित. मॉडेलची वाईट हंगामातली चूक दरवर्षी छापा. चाचणी कृषी विभागाने किंवा कंपनीने न घेता त्रयस्थाने घ्यावी. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत, ती कशाला आहेत? आणि आक्षेपाचं उत्तर किती दिवसांत, कुणी द्यायचं ते लिहा. २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवांसाठी पदनिर्देशित अधिकारी, मुदत आणि अपील, हे सगळं आधीच आहे. साचा तयार आहे, त्यात ओतायचं तेवढं बाकी आहे.

तुमच्या आराखड्यासाठी

आता तुमचं काम. कुठलंही एआय धोरण वाचताना पेन्सिलीने चार प्रश्न समासात लिहा : या वापरात आकडा कुणाच्या पैशाला किंवा हक्काला लागतो? चूक कुठल्या परिस्थितीत वेगळी काढून मोजली आहे? मोजणारा कोण, आणि त्याचा या तंत्रज्ञानात हितसंबंध आहे का? चूक झाली तर बाधिताच्या हातात असा कुठला कागद आहे, ज्यावर तो बोट ठेवू शकेल? उत्तर सापडलं तर पानाचा क्रमांक लिहा. नाही सापडलं तर जागा कोरी ठेवा. ती कोरी जागा म्हणजेच तुमचा संशोधन प्रश्न.

मग एक जिल्हा, एक पीक, एक हंगाम घ्या. पीक विम्याचे शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मराठीतच मिळतात. भारांकनाचं कलम शोधा. तुमच्या मंडळाचे तिन्ही आकडे सहज मिळतात का, ते बघा. मिळाले तर वरचा हिशेब खऱ्या आकड्यांवर करा. नाही मिळाले तर माहिती अधिकाराचा अर्ज करा : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवसांची वाट. उत्तर काहीही आलं, अगदी नकार आला, तरी तो तुमचा पहिला डेटा आहे. तारीख घालून फाइलला लावा आणि पुढचं प्रकरण तिथून लिहायला घ्या.